ड्रॅग अडखळतोय? आधी दोरी ओढून बघा, मग रीळ उघडा

म्हैसूरच्या अग्रहारातून, आपल्या नेहमीच्या टेबलावरून बोलतोय. आज समोर तीन रिळं मांडून ठेवली आहेत आणि तिघांची तक्रार एकच आहे. मासा ओढायला लागला की दोरी सरसर सुटत नाही. थांबते, मग एकदम सुटते, पुन्हा थांबते. रॉडचं टोक मान हलवल्यासारखं हलत राहतं. गंमत अशी की तक्रार एक असली तरी कारणं तीन वेगळी आहेत, आणि त्यातल्या एका रिळाच्या ड्रॅगमध्ये तर काहीच बिघाड नाही.

म्हणून आजचा सगळा भर दुरुस्तीपेक्षा निदानावर आहे. रीळ उघडणं सोपं असतं. दहा मिनिटांत उघडता येतं. न उघडता दोष कुठे आहे ते ओळखणं हे खरं काम.

ज्यांनी नुकतंच रीळ घेतलंय त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगतो. ड्रॅग म्हणजे रिळातला ब्रेक. स्पूलच्या आत चकत्यांची एक चळत असते. एक धातूची चकती, एक घर्षणाची, पुन्हा एक धातूची, अशी. धातूच्या काही चकत्यांना कान असतात, ते स्पूलच्या खाचेत बसतात आणि स्पूलबरोबर फिरतात. काहींचं भोक इंग्रजी डी अक्षरासारखं असतं, त्या दांड्यावर घट्ट बसतात आणि फिरत नाहीत. मधे फेल्ट किंवा कार्बन. वरची घुंडी आवळली की चळत दाबली जाते आणि स्पूल फिरायला जास्त जोर लागतो. झालं. मल्टिप्लायर किंवा बेटकास्टरमध्ये हीच चळत मोठ्या गिअरच्या पोटात असते आणि घुंडीच्या जागी चांदणीसारखं चाक असतं. असं चांदणीचं चाक १९१३ च्या सुमारास अमेरिकेत आलं. त्याआधी लोक स्पूलवर चामड्याची पट्टी अंगठ्याने दाबून मासा थोपवायचे, आणि हँडल उलटं फिरून बोटं सोलून निघायची.

आता ब्रेक म्हटलं की आपल्याला वाटतं, जितका जबरदस्त तितका चांगला. रिळाच्या खोक्यावरही ठळक अक्षरात छापलेलं असतं, कमाल ड्रॅग दहा किलो, पंधरा किलो. माझं स्पष्ट मत सांगतो. तो आकडा विकण्यासाठी असतो. आपल्या कामाचा आकडा खोक्यावर नसतोच. तो म्हणजे स्पूल फिरायला लागण्यासाठी किती जोर लागतो आणि फिरत राहण्यासाठी किती, यातला फरक.

हे समजलं की अर्धं काम झालं. लाकडी कपाट सरकवताना पहिला धक्का जोरात द्यावा लागतो, एकदा हललं की कमी जोरात सरकतं. थांबलेल्या वस्तूचं घर्षण चालत्या वस्तूपेक्षा जास्त असतं. चांगल्या ड्रॅगमध्ये हा फरक अगदी थोडा असतो. बिघडलेल्या ड्रॅगमध्ये तो इतका वाढतो की स्पूल धरतो, दोरी ताणली जाते, ताण वाढून एकदम सुटतो, सुटल्यावर ताण उतरतो आणि स्पूल पुन्हा धरतो. रॉडचं टोक मान हलवतं ते यामुळे. आणि दोरी तुटते ती त्या धरण्याच्या क्षणी. घुंडी तुम्ही दोन किलोला लावलेली असते, पण त्या एका क्षणी दोरीवर चार किलो आलेले असतात.

दोरी तुटली तर काय झालं, दुसरी बांधू, असं कुणी म्हणेल. इथे मला जरा नदीकडे वळावं लागेल.

आमच्या या भागात गळाचा विषय निघाला की कावेरी आणि कबिनी यांचं नाव निघतंच. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल. वाघ-बिबट्यांच्या कातड्यात पेंढा भरून देणारी त्यांची कंपनी जगभर प्रसिद्ध होती. त्याच घरातल्या डी वेट व्हॅन इंगेन यांनी १९४६ साली कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे साधारण ५४ किलोंचा महसीर गळाने काढला. तो विक्रम आजही सांगितला जातो. तो मासा होता मदार पाठीचा महसीर, पाठीवर उंचवटा असलेला, फक्त कावेरी आणि तिच्या उपनद्यांमध्ये सापडणारा. त्याचं शास्त्रीय नाव नेमकं कोणतं हे ठरायला मात्र २०१८ साल उजाडलं. टोर रेमादेवी हे ते नाव. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. विक्रम झाला तेव्हा माशाला पक्कं नाव नव्हतं आणि नाव मिळालं तेव्हा मासाच संपत आला होता.

यात आपल्या मराठी मुलखाचाही एक धागा आहे. कर्नल साइक्सने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीराचं वर्णन केलं आणि त्याला खुद्री हे नाव दिलं. पुढे लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने महसीराची पिल्लं वाढवण्याचं केंद्र काढलं. तिथली पिल्लं अनेक नद्यांत सोडली गेली, कावेरीतही. हेतू चांगलाच होता. पण कावेरीत हे बाहेरचे महसीर फोफावले आणि मूळचा मदार पाठीचा मागे पडत गेला, असं अभ्यासकांचं निरीक्षण आहे. भीमेश्वरी, गालिबोरे इथली गळाची शिबिरं २०१० नंतरच्या काळात अभयारण्याच्या नियमांमुळे बंद झाली. तिथे मासा पकडून, मोजून पुन्हा सोडून द्यायची पद्धत होती. अभयारण्यात आज गळ टाकायचा नाही, हे इथेच स्पष्ट सांगून ठेवतो. इतर ठिकाणीही परवानगी विचारूनच काठी उघडा.

आता रिळाशी संबंध बघा. मासा सोडून द्यायचा असला तरी दोन गोष्टी त्याला मारतात. एक, दोरी तुटली की तो तोंडात गळ आणि मागे दहा मीटर तंगूस घेऊन जातो आणि कुठल्यातरी खडकात अडकतो. दोन, अडखळणाऱ्या ड्रॅगच्या भीतीने माणूस घुंडी फार ढिली ठेवतो, मासा अर्धा तास पळत राहतो आणि इतका दमतो की सोडला तरी जगत नाही. नीट चालणारा ड्रॅग असेल तर दोरीच्या ताकदीचा पुरेपूर उपयोग करून मासा लवकर हाताशी आणता येतो. कोकणात जेट्टीवरून जिताडा किंवा तांब काढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथे मासा पहिल्याच धावेत खडपात शिरतो आणि दोरी कातळाला घासते. दुसरी संधी मिळत नाही.

चला, टेबलावर येऊ.

लागणाऱ्या वस्तू घरातल्याच आहेत. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकचा डिजिटल काटा, एक स्केचपेन, आणि ओढायला एक माणूस. दोरी रॉडच्या कड्यांतून न ओवता थेट रिळातून घ्या. स्पिनिंग रीळ असेल तर बेल उघडून दोरी रोलरवरून न नेता थेट स्पूलवरून धरा. टोकाला काटा अडकवा आणि सावकाश, सारख्या गतीने ओढा. पहिल्या धक्क्याचा आकडा बघा, मग चालू असतानाचा बघा. समजा चालताना दोन किलो येतात आणि सुरुवातीला सव्वादोन, तर रीळ ठीक आहे. सुरुवातीला तीन किंवा जास्त येत असेल तर उघडायची वेळ झाली. दीडपट हा माझा ठोकताळा आहे, कुठल्या पुस्तकातला नाही, पण तो पुरतो.

थेट ओढताना दोरी छान सुटली आणि रॉडमधून ओढताना अडखळली, तर थांबा. घुंडीला हात लावू नका. दोष ड्रॅगमध्ये नाही. आजच्या तीनपैकी मधलं रीळ हेच आहे. याचा दोरीचा रोलर, म्हणजे बेलच्या टोकाशी असलेली छोटी चकरी, मिठाने जाम झाली आहे. दोरी चकरीवरून फिरण्याऐवजी घासत जाते. नखाने चकरी फिरवून बघा, फिरली पाहिजे. एक स्क्रू, थोडं गरम पाणी, तेलाचा एक थेंब, आणि हे रीळ बरं झालं. लोक याच दोषासाठी ड्रॅगचे महागडे वॉशर मागवत बसतात.

रॉडच्या कड्यांमध्येही बघा. कड्यातली सिरॅमिकची रिंग तडकली असेल तर कापसाचा बोळा आतून फिरवा, तडा असेल तिथे कापूस अडकतो. आणि ब्रेड दोरी वापरणाऱ्यांनो, तुमच्यासाठी दोन वेगळ्या भानगडी आहेत. ब्रेड सैल गुंडाळलेली असेल तर ताण आल्यावर वरचा फेरा खालच्या फेऱ्यांत रुततो आणि सुटताना हिसका देतो. त्याला उपाय एकच, सगळी दोरी काढून ओल्या फडक्याच्या चिमटीतून घट्ट गुंडाळणे. दुसरी भानगड जास्त फसवी आहे. गुळगुळीत स्पूलवर ब्रेडचा अख्खा गुंडाच घसरून फिरतो. तुम्ही घुंडी आवळत राहता आणि दोरी सुटतच राहते. स्पूल तळहातात घट्ट धरून दोरी ओढा. स्पूल स्थिर असताना दोरी सुटली तर पकडलात चोर. तळाशी तंगूसचे दहाबारा फेरे घाला, वर ब्रेड बांधा.

दोष ड्रॅगमध्येच आहे असं ठरलं, तर उघडण्याआधी स्केचपेन घ्या. स्पूलच्या कडेला एक ठिपका काढा आणि पुन्हा सावकाश ओढा. स्पूल अडखळतो तेव्हा ठिपका कुठे आहे ते बघा. दर फेऱ्याला ठिपका त्याच जागी असताना अडखळत असेल, तर काहीतरी वाकडं आहे. धातूची चकती वाकली असेल, दांडा वाकला असेल किंवा स्पूल पडून चेपला असेल. ठिपका कुठेही असताना अडखळत असेल तर आत घाण, मीठ, सुकलेलं ग्रीस किंवा कोरडा पडलेला फेल्ट. आणि फक्त पहिला हिसका बसून नंतर लोण्यासारखी दोरी सुटत असेल, तर ते रीळ घुंडी आवळलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने माळ्यावर पडलेलं होतं. फेल्ट दाबून धातूला चिकटलेला असतो. आपलं पहिलं रीळ तसंच आहे.

उघडताना वरची तारेची रिंग उडते आणि खोलीत अशा जागी जाते जी घरच्यांनाही माहीत नसते. म्हणून रीळ पारदर्शक पिशवीत घालून, पिशवीच्या आत हात घालून रिंग काढा. जुन्या वर्तमानपत्रावर चकत्या निघतील त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडा, कोणती बाजू वर होती तेही तसंच ठेवा, आणि मोबाइलवर फोटो काढा. क्रम चुकला, दोन कानवाल्या चकत्या शेजारी आल्या, तर त्या दोघी एकत्र फिरतात आणि घर्षणाची एक जागाच नाहीशी होते. दुरुस्तीनंतर ड्रॅग अचानक कमजोर झाला अशी तक्रार येते, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

धातूच्या चकत्या स्पिरिटने पुसा आणि एकेक आरशावर ठेवा. बोटाने कड दाबा. टकटक वाजली तर वाकलेली आहे. सरळ करण्याच्या फंदात पडू नका, बदला. नुसता गंज किंवा हलके ओरखडे असतील तर आरशावर हजार नंबरचा पॉलिश पेपर पसरून, पाणी लावून, चकती त्यावर गोल गोल घासा. नखाला खाच लागत असेल तर मात्र तीही बदला.

फेल्ट बघताना बोटांत चुरगळून बघा. मऊ असेल, लोकर फुलत असेल तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा वापरा. काळा, चकचकीत, पुठ्ठ्यासारखा झाला असेल तर त्याचं आयुष्य संपलं. जुन्या स्वस्त रिळांचे फेल्ट बाजारात मिळत नाहीत. हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडे विचारा, पेटीच्या कामाला लागणारा लोकरीचा फेल्ट त्याच्याकडे असतो. फक्त जाडी मूळ चकतीइतकीच हवी. जाड झाला तर रिंग बसत नाही, पातळ झाला तर घुंडी तळाला टेकते तरी ड्रॅग लागत नाही. आणि दुकानातला नायलॉनचा रंगीत शोभेचा फेल्ट नको, तो गरम झाला की वितळतो.

गरम किती होतो म्हणता? हिशोब करू. अडीच किलोच्या ड्रॅगवर मासा पन्नास मीटर दोरी घेऊन गेला, तर साधारण १२०० जूल ऊर्जा त्या इवल्याशा चकत्यांत उष्णता होऊन उतरते. चकत्यांचं पोलाद वीस ग्रॅम धरलं आणि सगळी उष्णता तिथेच राहिली, तर ते शंभर अंशांहून जास्त तापेल. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता स्पूलमध्ये पसरते. धातूचा स्पूल ती चटकन वाहून नेतो, प्लास्टिकचा नेत नाही. मोठ्या माशासाठी कार्बनच्या चकत्या लोकप्रिय झाल्या त्या यामुळे. त्या तापल्या तरी त्यांचं घर्षण फारसं बदलत नाही.

आता तेलाचा प्रश्न, ज्यावरून मित्रामित्रांत भांडणं होतात. फेल्टला वंगण हवंच, तो कोरडा चालत नाही. ड्रॅगसाठी मिळणारं ग्रीस बोटाने चोळून मुरवा, वर राहिलेलं पुसून टाका. कार्बन कोरडाही चालतो. गोड्या पाण्यात मी तो कोरडाच ठेवतो. खाऱ्या पाण्यात त्याच ग्रीसचा अगदी पातळ थर द्या, म्हणजे मीठ आणि पाणी आत बसत नाही आणि पहिला धक्काही मऊ होतो. गाडीचं ग्रीस चालणार नाही, ते तापून आणि धूळ खाऊन चिकट लगदा होतं. गंज सोडवायचे फवारे तर ड्रॅगवर मारूच नका, ते असलेलं ग्रीस धुऊन काढतात. शिवणयंत्राचं तेल बेअरिंगला ठीक आहे, ड्रॅगसाठी फार पातळ. आणि खोबरेल? आपल्या लोकांचं सगळ्या दुखण्यावरचं औषध. पण ते चोवीस अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरात म्हैसूरची पहाट त्याहून बरीच थंड असते. पहाटे नदीवर पोचाल तेव्हा तुमच्या ड्रॅगमध्ये मेण भरलेलं असेल.

तिसरं रीळ मल्टिप्लायर आहे, समुद्रावरून आलेलं. ठिपका कुठेही असताना अडखळत होतं. उघडलं तर चकत्यांमध्ये पांढरं मीठ. कारण मालकाने प्रत्येक फेरीनंतर ते इमानेइतबारे नळाखाली जोराच्या धारेत धुतलं होतं, घुंडी ढिली ठेवून. धारेने मीठ बाहेर येण्याऐवजी पाण्याबरोबर आत गेलं. योग्य पद्धत उलटी आहे. धुताना ड्रॅग आवळा, धार नको, हलकं शिंपण पुरे. पुसा, मग ड्रॅग ढिला करून सावलीत वाळत ठेवा.

जोडून झाल्यावर पुन्हा काटा लावा. किती किलोला लावायचं? दोरीच्या तुटण्याच्या ताकदीच्या पावपट ते एकतृतीयांश. आठ किलोची दोरी असेल तर दोन ते अडीच. हे कमी वाटतं, पण गाठीने दोरीची ताकद घटते, वाकलेल्या रॉडच्या कड्यांत घर्षण वाढतं, आणि आणखी एक गोष्ट असते जी फार कमी लोक ध्यानात घेतात. भरलेल्या स्पूलवर दोरीचा घेर मोठा असतो. मासा दोरी घेऊन जातो तसा घेर लहान होतो, पण आतला ब्रेक तितकाच राहतो. पंचवीस मिलिमीटर त्रिज्येला दोन किलो असलेला ड्रॅग अठरा मिलिमीटरला पावणेतीनच्या पुढे जातो आणि त्रिज्या अर्धी झाली की थेट चार किलो. म्हणजे मासा दूर गेल्यावर घाबरून घुंडी आवळायची नसते, किंचित सोडायची असते. थोडा जास्त ताण हवाच असेल तर तळहात स्पूलच्या कडेवर टेका. हात चटकन काढता येतो, आवळलेली घुंडी चटकन सोडता येत नाही.

घरी आल्यावर घुंडी पूर्ण ढिली करा, फेल्ट असलेल्या रिळाला तर हे हवंच. आणि हँडलला कागदाची एक चिठ्ठी दोऱ्याने बांधा, त्यावर लिहा, ड्रॅग ढिला आहे. नाहीतर पुढच्या वेळी पहिलाच मासा लागतो, स्पूल भिरभिर उलटा फिरतो आणि दोरीचा जो गुंता होतो तो सोडवायला दुपार जाते.